लिहिणारा नवरा

चष्म्याची काच घासायच्या मशीनमध्ये अडकवून तिनं झाकण लावलं, पाण्याची बारीक धार सुरू झाली आणि ॲप्रनच्या खिशात फोन थरथरला. नवऱ्याचा मेसेज म्हणजे दोन-तीन शब्दांचा मामला. ‘दूध आणतो.’ ‘उशीर होईल.’ ‘चावी शेजारी.’ इतक्या वर्षांत त्याच्या बोटांनी याहून जास्त कष्ट घेतले नव्हते. म्हणून तिनं एका हातानं पुढची फ्रेम पुसत फोन नुसता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितला, आणि मग फडकं हातात तसंच धरून उभी राहिली. मेसेज स्क्रीनभर पसरला होता आणि खाली अजून उरला होता.

‘समोरच्या इमारतीतला जाडा माणूस रोज सकाळी गाडी पुसतो. आधी फडकं, मग ब्रश, मग परत फडकं. आरशांसाठी त्याच्याकडे वेगळं फडकं आहे, मऊ, पिवळं. गाडी चालवत मात्र कधीच नाही. आज त्याची बायको खाली आली, गाडीच्या मागच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं आणि रडली. मग डोळे पुसून वर गेली. तोवर त्यानं बॉनेट पुसलं, आत पाहिलंसुद्धा नाही. मला वाटतं त्या घरात रडायला तेवढी एकच जागा असेल, आणि तो ती स्वच्छ ठेवतो.’

तिनं मेसेज पुन्हा वाचला. मशीन थांबलं होतं. झाकण उघडून काच काढली तेव्हा लक्षात आलं की लावतानाच ती उलटी फिरली होती, डाव्या डोळ्याचा तिरपा नंबर उजव्याच्या कोनात बसला होता. काच वाया गेली. एरवी अशी चूक तिला दिवसभर टोचत राहिली असती. आज तिनं ती काच टोपलीत टाकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. छातीत काहीतरी लक्कन हललं होतं. आनंद म्हणावा तर त्यात भीती होती. ज्याचं सुतक आपण कधीच संपवलं तो माणूस बाजारात पिशवी घेऊन समोरून यावा, आणि त्यानं ‘काय, बरी आहेस ना?’ विचारावं, तसं काहीसं.

हा माणूस तिच्या ओळखीचा होता. पण तो तिचा नवरा नव्हता, निदान गेली कित्येक वर्षं नव्हता. नवरा ड्रायव्हिंग शिकवायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादाचा ब्रेक ठेवून, ‘क्लच हळू सोड, आरसा बघ, अगं आरसा, तोंड नाही, आरसा’ असं बोलत राहायचं. त्याचा घसा कायमच बसलेला. त्यामुळे यंदा तो जास्तच बसला तेव्हा दोघांनीही मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं तोवर गाठ मोठी झाली होती. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता तो गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या छिद्रातून श्वास घेत होता, त्यावर कापडाचा एक छोटा पडदा बांधत होता. वास येणं गेलं होतं. नोकरी गेली होती. हॉस्पिटलात त्याला एक पाटी दिली होती, तिच्यावर तो ‘पाणी’ आणि ‘नको’ एवढंच लिहायचा. घरी आल्यावर पाटीची जागा फोननं घेतली, शब्द तेच राहिले. तिला वाटलं होतं, आता उरलेलं आयुष्य या दोन शब्दांवर काढायचं. तसंही आधी फार शब्द होते असं नाही.

आणि एकेकाळी ती याच माणसाच्या शब्दांवर भाळली होती, हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. तेव्हा ती या दुकानात नवीन होती, मागच्या खोलीत काचा घासायला शिकत होती. दुकानाच्या पलीकडच्या बोळात एक कॉम्प्युटरचं दुकान होतं, तासावर भाडं. फळ्या मारून एकेकाच्या बसण्यापुरती खोपटं केलेली, खुर्च्यांची स्पंजं बाहेर आलेली, आणि इंटरनेट असं की एक पान उघडेपर्यंत नखं कुरतडून व्हायची. काम सुटलं की ती तिथं जायची. जोडीदार शोधायची एक साइट होती. तिच्यावर उंची, वजन, आवडी, लग्नाबद्दलची मतं असलं सगळं भरायचं, मग साइट सांगायची की कोण तुमच्याशी किती टक्के जुळतो. खऱ्या नावाऐवजी टोपणनाव घ्यायचं. तिनं घेतलं ‘भिंग’. त्याचं होतं ‘न्यूट्रल’. दोघांचे टक्के पन्नाशीही गाठत नव्हते. साइटनं खाली बारीक अक्षरात सुचवलंही होतं, याहून चांगले पर्याय उपलब्ध आहेत. पण त्यानं लिहिलं होतं, ‘भिंग का? जवळ ठेवून बघता की ऊन धरून जाळता?’ आणि तिला खोपटात एकटीलाच हसू फुटलं होतं. शेजारच्या खोपटातल्या माणसानं डोकं वर काढून पाहिलं होतं.

मग ते वर्षभर लिहीत राहिले. तो शिकायला येणाऱ्या माणसांबद्दल लिहायचा. गाडी उलटी घेताना डोळे मिटून घेणारा एक निवृत्त न्यायाधीश. सिग्नलला थांबली की गाणं म्हणणारी आणि हिरवा झाला की ओळ अर्धी सोडणारी एक नर्स. ती काचांबद्दल लिहायची. एकदा तिनं लिहिलं होतं, ‘काच नेहमी कडेला धरतात, मधोमध बोट लावायचं नसतं, डाग पडतो. मी माणसांनाही तसंच धरत आले. तुम्हाला कुठं धरायचं ते अजून कळत नाही.’ हे लिहिताना तिचे कान तापले होते. पाठवायचं बटण दाबून ती पैसे द्यायचं विसरून बाहेर पडली होती आणि दुकानदार मागून हाका मारत आला होता. तसं आपण कुणाशीही बोललो नसतो, समोरासमोर तर मेलो तरी नाही, हे तिला तेव्हाही माहीत होतं. त्या खोपटात बसली की तिच्या आतून एक दुसरीच बाई बोटांपर्यंत यायची. धीट, जरा आगाऊ, मजेदार. ती बाई तिला स्वतःला फार आवडायची.

पहिल्यांदा ते भेटले बस स्थानकावर. तो तिच्या कल्पनेपेक्षा बुटका होता आणि त्याचा शर्ट नवा कोरा, घड्या न मोडलेला होता. त्यानं विचारलं, ‘बस मिळाली ना नीट?’ आवाज घोगरा, थोडा फाटका. ती म्हणाली, ‘मिळाली.’ मग दोघं एका बागेत बाकावर बसले आणि संध्याकाळपर्यंत बस, हवा, दुकानाच्या वेळा यांवर बोलत राहिले. तिला वाटलं लाजतोय. दुसऱ्या दिवशी खोपटात बसली तर त्याचा मेसेज होता, ‘काल तुम्ही बोलत होता तेव्हा मी तुमच्या कानामागचा एक केस बघत होतो, तो वाऱ्यानं हलायचा आणि मी पुढचं वाक्य विसरायचो.’ झालं. लग्न झालं. नणंदेनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, तेव्हा सगळ्या पाहुण्यांना सांगितलं होतं, ‘आमच्या बाळ्यानं बायको कॉम्प्युटरमधून काढलीय, बिघडली तर परत आत घालता येते का विचारून घेतलंय.’ लोक हसले. तीही हसली. बिघडण्यासारखं काय आहे, असं तिला तेव्हा मनापासून वाटत होतं.

बिघडलं तसं काहीच नाही. तो दारू प्यायला नाही, ओरडला नाही, पगार घरात आणला, तिच्या आईच्या आजारपणात रांगेत उभा राहिला. फक्त तो लिहिणारा माणूस घरात राहायला आलाच नाही. आला तो घसा बसलेला ड्रायव्हिंगचा मास्तर, जो जेवताना ताटाकडे बघायचा आणि ‘काय म्हणतोस?’ विचारलं की ‘काही नाही’ म्हणायचा. सुरुवातीला तिनं वाट पाहिली. मग कधीतरी, कपडे वाळत घालताना, तिच्या मनात आलं की ते मेसेज दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिले असतील, एखाद्या मित्रानं, गंमत म्हणून. एकदा आलेली ही शंका गेली नाही. विचारायची हिंमत झाली नाही, कारण तो ‘हो’ म्हणाला असता तर पुढं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं त्या दिवशीही तो काही बोलला नाही, तिला घरी सोडून क्लासला गेला. त्या दिवशी तिनं तो लिहिणारा माणूस मनातून पुसून टाकला. मेला म्हणून समजली. आणि मग संसार सोपा झाला, खरंच झाला. अपेक्षा नसलेल्या घरात भांडणंही होत नाहीत.

आता तो रोज लिहू लागला. दुपारच्या सुट्टीत ती दुकानाच्या मागच्या जिन्यावर जाऊन बसायची आणि फोन उघडायची. वास गेल्यापासून चहा कसा लागतो याबद्दल त्यानं लिहिलं, ‘गरम आणि तपकिरी लागतो.’ शेजारणीच्या मुलीच्या सायकलबद्दल लिहिलं. आरशात गळ्याचं छिद्र बघताना वाटणाऱ्या लाजेबद्दल लिहिलं. तिला दुपार होण्याची घाई होऊ लागली. काउंटरवर बसणारी मुलगी एक दिवस जिन्यात डोकावली. ‘मॅडम, कोणाचा मेसेज एवढा?’

‘नवऱ्याचा.’

‘काहीतरीच! नवऱ्याचा मेसेज वाचताना कोणी असं हसतं का?’ मग ती शेजारी पायरीवर बसली आणि स्वतःचा फोन दाखवू लागली. तिच्या ॲपवर माणसं पत्त्यांसारखी सरकत होती. डोंगरावर उभी, कुत्र्याला मिठी मारलेली, जिममधल्या आरशासमोरची. ‘तिघांना भेटले यंदा. लिहिताना एकेक जण असा की वाटतं, बस, हाच. भेटलं की डब्यात काहीच नाही. तुमचं तर इंटरनेटवरूनच जमलं ना? आणि टिकलं. कसं टिकलं हो?’

‘टिकलं खरं,’ ती म्हणाली. टिकलं म्हणजे काय झालं, हे तिनं कधी स्वतःलाच विचारलं नव्हतं. एक घर, दोन टूथब्रश, आजारपणात धरलेला हात. हे टिकणंच, त्यात खोट नाही. पण ज्या गोष्टीनं सगळं सुरू झालं होतं ती पहिल्याच वर्षी गेली, आणि जे टिकलं ते साइटनं जुळवलंच नव्हतं. हे त्या पोरीला कसं सांगणार? ‘डबा उघडल्यावर लगेच झाकण लावू नकोस,’ एवढंच ती म्हणाली. मुलीला ते काही पटलेलं दिसलं नाही.

त्या आठवड्यात तो मेसेज आला. ती मशीनवर होती, म्हणून वाचला संध्याकाळी, दुकान बंद करताना. ‘डॉक्टर नाही म्हणाले त्या दिवशी मी क्लासला गेलो, ते तुला लागलं असणार. मी घरी थांबलो असतो तर तुझ्यासमोर कोसळलो असतो आणि मग तुला मला सांभाळावं लागलं असतं. त्या दिवशी एका बाईला रिव्हर्स शिकवायचा होता. मी तासभर म्हणत राहिलो, मागे बघा, मागे बघा. ती शेवटी म्हणाली, सर, मी बघतेय, तुम्ही रडताय का?’ तिनं शटर अर्ध्यावर सोडलं आणि आत येऊन ग्राहकांच्या स्टुलावर बसली. समोर नजर तपासायचा तक्ता होता, वरची अक्षरं मोठी, खाली खाली बारीक होत गेलेली. तिला एकही अक्षर दिसत नव्हतं. घरी गेल्यावर तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘वाचलं रे.’ त्यानं मान हलवली. तो काहीतरी आणखी होण्याची वाट पाहत असावा असं तिला पुसटसं वाटलं, पण कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

मग नणंद आली. सोबत फळं, सल्ले आणि घरातलं सगळं सामान जागच्या जागी नसल्याची तक्रार. तपासणीला भावाबरोबर तीच गेली आणि परत येऊन चपला काढायच्या आधी सुरू झाली. ‘अगं, बोलता येईल त्याला! डॉक्टर म्हणाले, आत एक छोटी झडप बसवायची, बोटानं छिद्र दाबायचं आणि बोलायचं. घोगरा येतो आवाज, पण येतो. कितीतरी लोक बोलतात म्हणे. बाळ्या, सांग ना तिला!’ त्यानं फोनवर लिहिलं आणि स्क्रीन बायकोकडे वळवली. ‘तुला काय वाटतं?’

‘बघू की,’ ती म्हणाली. ‘आधी जखम नीट भरू दे.’

जखम भरली होती. हे तिला रोज पट्टी बदलताना दिसत होतं. दुसऱ्यांदा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, दुकानात गर्दीचे दिवस आहेत, सुट्टी मिळायची नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, आणखी एका डॉक्टरला विचारू. प्रत्येक कारण ओठातून बाहेर पडताना इतकं शहाणं वाटायचं की तिचाच विश्वास बसायचा, आणि अंघोळ करताना अंगावर पाणी पडलं की खरं काय ते उघडं व्हायचं. तिला त्याचा आवाज परत यायला नको होता. आवाज आला की लिहिणं जाईल. ‘काही नाही’ परत येईल. नवरा मुका राहावा असं मनात आणणारी बाई आपण, हे कळून तिला स्वतःची किळस यायची. आणि तरी दुपारी जिन्यावर बसून फोन उघडताना ती मनात म्हणायची, अजून थोडे दिवस. नणंद काही दूधखुळी नव्हती. भांडी पुसता पुसता एका संध्याकाळी ती म्हणाली, ‘तुला त्याचा आवाज नकोय की काय गं?’ हसत म्हणाली, पण फडकं थांबलं होतं. तिनं नुसती बशी हातातून घेतली आणि कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी नणंद देवदर्शनाला म्हणून बाहेर गेली तेव्हा ती त्याच्यासमोर गॅलरीत जाऊन बसली. ऊन उतरत होतं. समोर तो जाडा माणूस फडकी वाळत घालत होता. तिनं सरळ विचारलं, ‘तू तेव्हा लिहायचं बंद का केलंस? लग्नानंतर. खरं सांग. ते मेसेज तूच लिहायचास ना?’ शेवटचा प्रश्न तोंडातून निघून गेला आणि तिनं जीभ चावली. त्यानं तिच्याकडे इतक्या आश्चर्यानं पाहिलं की उत्तर तिथंच मिळालं. मग त्यानं फोन घेतला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. इतक्या जवळ बसून.

‘मी बंद नाही केलं. लग्न झाल्यावर मी क्लासच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून लिहायचो, दुपारी. तू तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर वाचायचीस आणि संध्याकाळी भाजी चिरताना म्हणायचीस, वाचलं हं, छान होतं. उत्तर कधी आलं नाही. मला वाटलं, घरात माणूस समोर असताना पत्रं काय लिहायची, बायकोला पोरकट वाटत असेल. मग थांबलो. तोंडानं मला जमत नाही, ते तुला माहीतच होतं. मला वाटायचं भिंग येईल परत. फार वर्षं वाटायचं. आताही रोज लिहितो आणि तू स्वयंपाकघरातून म्हणतेस, वाचलं रे.’

ती वाचत असताना तो समोरच्या इमारतीकडे बघत होता. तिला आठवलं. काहीच विसरली नव्हती ती, फक्त तिकडे कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या महिन्यात बोळातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानावरून जाताना आत जाऊन उत्तर लिहावंसं वाटायचं, आणि मग वाटायचं, आता कशाला, आता तो घरीच आहे की. दुकानाच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसायचं, हातात भाजीची पिशवी. त्या खोपटात बसणारी ती धीट, आगाऊ बाई कधी गेली, कुठं गेली, तिला पत्ताच नव्हता. ती त्या लिहिणाऱ्या माणसाचं सुतक पाळत होती. तो दुसऱ्या बाजूला बसून त्या धीट बाईचं पाळत होता. एकाच घरात, एकाच पलंगावर, दोघंही एकमेकांच्या मेलेल्या माणसाला अडचण होऊ नये म्हणून कूस बदलून झोपत होते.

‘झडप बसवून घे,’ ती म्हणाली. ‘मी येते बरोबर.’

झडप बसवली गेली, सूज उतरली, आणि एका सकाळी ती दोघं हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीपाशी गेली. बाईंनी त्याला आत घेतलं, तिला म्हणाल्या, ‘तुम्ही जरा बाहेर बसा, घरचं माणूस समोर असलं की घाबरतात.’ ती बाकावर बसली. पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, कुणाचं तरी लहान मूल पायऱ्यांवर उड्या मारत होतं. दाराआडून बाईंचा आवाज येत होता, ‘श्वास घ्या, दाबा, आता आऽऽ.’ मग काहीच नाही. मग खोकला. मग परत, ‘दाबा, आऽऽ.’ आणि मग एक आवाज आला. तो बाईंचा नव्हता. तो कुणाचाच नव्हता. जुना घोगरा आवाजही असा नव्हता. जड लाकडी कपाट फरशीवरून कुणीतरी सरकवत न्यावं तसा तो खोलीतून निघून दारापर्यंत आला आणि थांबला. तिनं फोन काढला. बोटं अक्षरांवर ठेवली आणि किती तरी वेळ ती तशीच राहिली. मग लिहू लागली.

‘मी दाराबाहेर आहे. आत कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटलं, मग कळलं तू आहेस. खरं सांगायचं तर बस स्थानकावर पहिल्यांदा ऐकला तेव्हाही तुझा आवाज मला आवडला नव्हता, नवा शर्टही नव्हता आवडला. या बाई छान आहेत, पण त्यांच्या चष्म्याची उजवी काच कुणा गाढवानं तिरकी बसवलीय, माझे हात शिवशिवतायत. त्या मान वाकडी करून बघतात ते त्यामुळे, तुझ्यावर संशय आहे म्हणून नाही.’ इथं ती थांबली. मूल उड्या मारायचं थांबून तिच्याकडे बघत होतं. ती एकटीच हसत होती म्हणून बघत असावं. मग तिनं शेवटच्या दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत त्याच लिहिल्या. ‘भिंग आहे अजून. चरे पडलेत, तरी उत्तर द्यायला आलेय.’ कान तापले. पाठवलं.

थोड्या वेळानं बाईंनी दार उघडून तिला आत बोलावलं. तो खुर्चीत ताठ बसला होता, कपाळावर घाम, गळ्याजवळ दोन बोटं, वर्गात प्रश्न येण्याची वाट बघणाऱ्या मुलासारखा. ‘अक्षरं जमली,’ बाई म्हणाल्या. ‘आता काहीतरी वाचून दाखवा यांना. हे मासिक घ्या, कुठलंही पान.’ त्यानं मासिकाकडे बघितलं, मग टेबलावरच्या स्वतःच्या फोनकडे, आणि फोन उचलला. मेसेज आत आलेला होता, त्यानं तो अजून वाचला नव्हता. ती ‘अरे, ते नको’ म्हणायच्या आत त्यानं श्वास घेऊन बोट दाबलं.

‘मी... दाराबाहेर... आहे.’ कपाट सरकलं, थांबलं, सरकलं. बाई मान डोलावत होत्या, शाबास, शाबास. कपाटाची ओळ आली तेव्हा त्याच्या भुवया वर गेल्या. शर्टाची ओळ आली तेव्हा त्यानं तिच्याकडे एक कटाक्ष टाकला. ‘या बाई... छान... आहेत,’ त्यानं वाचलं आणि बाई लाजून ‘असू दे हो’ म्हणाल्या. ‘पण... त्यांच्या... चष्म्याची... उजवी काच... कुणा... गाढवानं...’

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी चष्मा काढला, उजेडात धरला, वाकडी मान करून बघितला आणि म्हणाल्या, ‘तरीच! माझं डोकं दुखतं दुपारी.’ आणि तो हसला. ऑपरेशननंतर तो कितीदा तरी हसला होता, पण नुसते खांदे हलायचे. आता बोट छिद्रावर होतं आणि हसण्याला आवाज होता, खरखरीत, तुटक, खोकल्यात अडकत जाणारा, कुठल्याही भल्या घरात ऐकू न येणारा. बाईंनी त्याला पाणी दिलं. ‘पुरं आता, दमलात. नाहीतर असं करा, शेवटच्या ओळी तेवढ्या वाचा आणि घरी जा.’

त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. ओठ किंचित हलले. तिला दिसत होतं, तो पहिली ओळ वाचतोय, मग दुसरी, मग परत पहिली. मग त्यानं स्क्रीन बंद केली, फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि गळ्याशी बोट नेलं.

‘नाही,’ तो बाईंना म्हणाला. ‘हे... माझं आहे.’